फर्मा उचलला की ओळी खाली! हाताने जुळवलेले छपाईचे खिळे आवळण्याबद्दल मदत हवी

शाईचं बोट

मंडळी, डोकं गरगरायला लागलंय म्हणून धागा काढतोय.

एक छोटं पान जुळवलं आहे. १२ पॉइंटचे खिळे (शिशाची सुटी अक्षरं), अठरा ओळी, मधे शिशाच्या २ पॉइंटच्या पट्ट्या. चेसमध्ये (लोखंडी चौकटीत) ठेवलं, भोवती लाकडी फर्निचर (भरीचे ठोकळे) लावलं, क्वॉइन (आवळायच्या पाचरी) आवळले. वरून पाहिलं तर अगदी देखणं. चेस जुळणीच्या सपाट दगडावरून चार बोटं उचलला आणि शेवटच्या ओळीतले पाच-सहा खिळे टपकन खाली. ते बसवले, आणखी आवळलं, पुन्हा उचलला, तर आता मधली सातवी-आठवी ओळ लोंबतेय. किल्लीवर सगळा जोर टाकून पाहिला, तेव्हा मधला भागच पापडासारखा वर फुगला.

काल रात्री साडेअकराला तिसऱ्यांदा अर्धं पान जमिनीवर सांडलं. घरच्यांनी दिवा बंद करून टाकला.

मशीन पायाने चालवायचं ट्रेडल आहे, म्हणजे फर्मा (चेसमध्ये आवळलेलं अख्खं पान) उभाच राहणार. छपाईचं सोडा, मला नुसता उचलता आला तरी पेढे वाटीन.

ठोकपीट

सोपं आहे हो. जी ओळ ढिली आहे तिच्या टोकाला कागदाची घडी खुपसा आणि परत आवळा. मी वर्षानुवर्षं हेच करतोय.

पायका बारा

घाई नको. आधी एवढं सांगा: ओळीची लांबी किती? पट्ट्या तयार लांबीच्या मिळाल्या की स्वतः कापल्या? डाव्या-उजव्या बाजूला लावलेल्या फर्निचरची लांबी किती? क्वॉइन कुठे कुठे? आणि जुळणी बांधलेला दोरा काढला होता ना? हसू नका, मी स्वतः एकदा विसरलोय.

शाईचं बोट

ओळ २४ एम पायका. पट्ट्या मोठ्या पट्टीतून मीच कापल्या. बाजूचं फर्निचर २० एमचं, तेवढंच होतं. क्वॉइन चारही बाजूंना एकेक जोडी, पाचरीपाचरीचे, दातेरी किल्लीने फिरवायचे. दोरा काढला होता, शपथ.

पायका बारा

मग शेवटच्या ओळीचं कोडं तुमच्या उत्तरातच सुटलं. आकडेमोड करू.

अठरा ओळी × १२ = २१६ पॉइंट. अठरा ओळींच्या मधे सतरा पट्ट्या × २ = ३४. एकूण २५० पॉइंट. एका पायका एममध्ये १२ पॉइंट, म्हणजे तुमचं पान २० एम आणि वर १० पॉइंट उंच आहे. बाजूला फर्निचर २० एमचं. राहिलेल्या १० पॉइंटला शेजारून कुणाचाच हात नाही, आणि तिथे नेमकी शेवटची ओळ आहे. ती पडणार नाही तर काय करणार?

शेवटच्या ओळीखाली २ पॉइंटची आणखी एक पट्टी घाला. २५२ पॉइंट, म्हणजे चोख २१ एम. मोजायला बरं, आणि कडेच्या ओळीचं खालचं अंग फर्निचरच्या लाकडाऐवजी सरळ धातूला टेकतं. बाजूला मात्र २१ पेक्षा लांब फर्निचर हवं. २५ चं मिळालं तर उत्तम.

शाईचं बोट

अरे देवा. मी इतके दिवस खिळ्यांना शिव्या घालत होतो. पण २५ चं लावलं तर कोपऱ्यात दोन लाकडं एकमेकांवर आपटतील ना? म्हणून तर मी आखूड घेतलं.

चौकट

आपटतील, जर चारही लाकडं चित्राच्या फ्रेमसारखी कोपऱ्याला कोपरा भिडवून लावलीत तर. मग क्वॉइनचा सगळा जोर लाकडं एकमेकांतच जिरवतात आणि आतले खिळे मोकळे राहतात. वरून हाताला घट्ट लागतं, फसगत होते ती इथेच.

लाकडं भिंगरीच्या पात्यांसारखी लावा. खालचं लाकूड पानाच्या डाव्या कडेपासून सुरू, उजवीकडे कडेच्या पुढे निघालेलं. उजव्या बाजूचं लाकूड त्या पुढे आलेल्या भागावर उभं, वरच्या बाजूने पानाच्या बाहेर निघालेलं. वरचं त्याला टेकून डावीकडे बाहेर, डावं वरच्याला टेकून खाली बाहेर. प्रत्येकाचं एक टोक शेजारच्याला टेकलेलं, दुसरं मोकळं. दाब आला की प्रत्येकाला सरकायला वाट राहते. कागदावर एकदा चौकोन काढून चार रेघा मारून बघा, लगेच लक्षात येईल.

आणि क्वॉइन चारही बाजूंना? दोन काढा आजच. शेजारशेजारच्या दोन बाजूंनाच ठेवायचे, समोरच्या दोन बाजू फर्निचरने चेसच्या लोखंडापर्यंत भरीव भरायच्या. चारही बाजूंनी आवळलं तर पान दरवेळी थोडं वेगळ्या जागी बसणार आणि कागदावरची जागा रोज नव्याने शोधावी लागणार. ट्रेडलवर कागद खाली आणि डावीकडे अडवतात, म्हणून त्या दोन बाजू भरीव आणि क्वॉइन वर व उजवीकडे, असा सर्वसाधारण रिवाज.

जुना जुळारी

उशिरा आलो, वाचून काढलं. पायका बारा आणि चौकटताई, दोघांचंही बरोबर. पण मधल्या सातव्या-आठव्या ओळीचं काय ते कुणी बोललं नाही, आणि खरा आजार तो आहे. शेवटची ओळ पडते ते शेजार नाही म्हणून. मधली पडते ती मुळात कच्ची आहे म्हणून, किंवा तिच्यापर्यंत दाब पोचतच नाही म्हणून.

चिरंजीव, एक गोष्ट मनाशी धरा. फर्मा क्वॉइनने घट्ट होत नाही, तो स्टिकमध्ये, म्हणजे ओळ जुळवायच्या हातातल्या साच्यात, घट्ट होतो. क्वॉइन फक्त बाहेरून धरून ठेवतो. अठरा ओळींतल्या सतरा चोख आणि एक केसभर आखूड असेल, तर फर्निचर सतरांवर टेकणार आणि अठरावीला हवा लागणार. तुम्ही किल्लीवर नाचलात तरी ती हवा जाणार नाही.

ओळ पुरी झाली की स्टिक थोडी पुढे कलती करायची. खिळे अंगठ्याने न धरता आपल्या आपण उभे राहिले पाहिजेत, पण ओळ बोटाने मागेपुढे ढकलली तर सरकली पाहिजे. उभी राहिली नाही तर ढिली. सरकवायला जोर लागला तर जास्त भरली, आणि ती जास्त भरलेली ओळ शेजारच्या दोघींना ढिलं करते. आमच्या उमेदवारीत पहिले सहा आठवडे मला याशिवाय काही करू दिलं नव्हतं. ओळ भरायची, कलती करायची, पुन्हा सोडायची. फार राग यायचा.

ओळ भरताना जाड कोरे (न छापणारे, जागा भरायचे तुकडे) बाहेरच्या टोकांना, बारीक ते आत, शब्दांच्या जवळ. पाचाचा एम (एमच्या पाचव्या हिश्शाचा कोरा), पितळेची १ पॉइंटची किंवा तांब्याची अर्ध्या पॉइंटची पत्ती ओळीच्या अगदी टोकाला ठेवली तर ती वाकते, आडवी होते, फर्निचर लावताना निसटते. तुमच्या शेवटच्या ओळीत शब्द कमी आणि कोरे जास्त असतील, तर आधी हे तपासा.

शाईचं बोट

काका, शेवटच्या ओळीत तीनच शब्द आहेत आणि डाव्या टोकाला एकावर एक चार पितळी पत्त्या मीच भरल्यात. आता काय लपवायचं.

चौकट

सातव्या-आठव्या ओळीबद्दल माझा अंदाज: पट्ट्या लांब आहेत. तुम्ही स्वतः कापल्यात म्हणालात, तिथेच कान टवकारले. पट्टी ओळीपेक्षा एवढीशी जरी लांब असली तरी फर्निचर तिच्या टोकावर टेकतं. दोन लांब पट्ट्यांमधली ओळ म्हणजे दोन खांबांमधला पडदा. पट्टी ओळीएवढीच हवी, आणि चूक व्हायचीच असेल तर आखूड बाजूला.

तपासणी: पान दगडावर मोकळं ठेवा, एका बाजूला सपाट धातूची पट्टी लावून सरळ करा, आणि दुसऱ्या बाजूवरून नख वरून खाली ओढत न्या. जिथे नख अडेल तिथे चोर आहे. कापताना पट्टीच्या टोकाला धातूचा काटा उभा राहतो तोही बघा. कानशीच्या दोन फटक्यांत जातो.

शाईचं बोट

रविवारचा वृत्तांत.

नख तीन ठिकाणी अडलं. सहावीखाली, सातवीखाली आणि अकरावीखाली. त्या तीन पट्ट्या काढून उरलेल्यांबरोबर उभ्या धरल्या तर उघड्या डोळ्यांना फरक दिसेना. दगडावर टेकवून बोटाने चाचपलं तेव्हा कळलं. दोघींच्या टोकाला काटा होता, एक खरोखरच लांब होती. कानस मारली.

शेवटची ओळ पुन्हा भरली, पत्त्या आत आणल्या. तिच्याखाली पट्टी घातली. बाजूला २५ चं फर्निचर भिंगरीसारखं. क्वॉइन दोनच बाजूंना. उचलला. एकही खिळा पडला नाही! मी तो धरून स्वयंपाकघरापर्यंत चालत जाऊन आलो.

पण छापायला घेतलं आणि वीस-पंचवीस कागदांनंतर शब्दांच्या मधे काळे ठिपके उमटायला लागले. चिमट्याने दाबून बसवले, दहा कागदांनी पुन्हा वर. हे काय नवीन?

ठोकपीट

कोरे वर येतायत. ओळीत कागद घाला, म्हटलं होतं मी.

जुना जुळारी

ठोकपीट साहेब, कागदाबद्दल नंतर भांडू.

खिळ्याची उंची ०.९१८ इंच. कोरे त्यापेक्षा बरेच आखूड, म्हणून ते छापत नाहीत. दर ठशाला फर्मा किंचित हलत असेल तर कोरा हळूहळू वर चढतो. खिळ्याला वरून दाब मिळतो, तो पुन्हा खाली जातो. कोऱ्याला वरून दाबायला कुणी नाही, तो चढतच राहतो आणि एक दिवस शाईच्या रुळाला भेटतो. चिमट्याने खाली ढोसणं म्हणजे ताप उतरवायला कपाळावर फडकं. फर्मा हलतोय का ते शोधा.

हलण्याची कारणं दोन, आणि ती उलटसुलट आहेत. एक ढिलेपणा. दुसरं, जास्त आवळणं, आणि मला तुमच्याकडे हेच दिसतंय. तुम्हीच पहिल्या पोस्टीत पापड लिहिलंय. जास्त जोर दिला की मधला भाग दगडावरून उचलला जातो, कमान होते. मशीनमध्ये दर ठशाला ती कमान खाली बसते आणि परत वर येते. पंपच झाला की तो.

आवळलेला चेस दगडावर ठेवा आणि मधल्या ओळींवर बोटाच्या टोकाने हलकं दाबा. दबल्यासारखं झालं, अगदी बारीक टक आवाज आला, तर खाली पोकळी आहे.

आता क्रम सांगतो, कारण बहुतेक जण इथेच घसरतात.

दगड पुसा. फर्मा ठेवण्याआधी तळहात फिरवा. कण असला तर तळहाताला लागतो, डोळ्याला दिसत नाही. खिळ्यांच्या पायालाही मळ नको. चेस खाली टेकलेला आहे ना ते बघा. क्वॉइन नुसत्या बोटांनी फिरतील तेवढेच फिरवा, किल्ली बाजूला. मग सपाट लाकडी ठोकळा खिळ्यांवर ठेवून हातोडीने हलके हलके ठोका. ठोकळा उचलून पुढच्या जागी ठेवायचा, खिळ्यांवरून ओढत न्यायचा नाही, अक्षरांचे कान तुटतात. मग किल्ली: एका बाजूला थोडं, दुसऱ्या बाजूला थोडं, पुन्हा पहिली. मनगटाचा जोर, खांद्याचा नाही. एकदा पूर्ण आवळल्यावर ठोकळा मारायचा नाही. घट्ट धरलेला खिळा खाली जाऊ शकत नाही, तुमचा घाव त्याच्या डोक्यावर जातो. सपाट करायचं राहिलं असेल तर क्वॉइन सोडा आणि पुन्हा सुरुवात करा.

शेवटी चेसचा एक कोपरा किल्लीवर टेकवून उचललेला ठेवा आणि सगळ्या पानावर बोटं फिरवत दाबा. जो खिळा हलला त्याची ओळ परत स्टिकमध्ये.

पायका बारा

काकांच्या क्रमात एक भर. पाचरीच्या क्वॉइनचे दोन तुकडे एकमेकांवरून घसरतात, म्हणजे ते नुसते रुंद होत नाहीत, शेजारच्या लाकडाला लांबीच्या दिशेनेही ओढतात. म्हणून क्वॉइनच्या दोन्ही अंगांना ६ पॉइंटची पातळ लाकडी पट्टी ठेवा. घसरण तिच्यावर जिरते, फर्निचरवर दाते उमटत नाहीत.

ठोकपीट

कागदावर भांडायचं ठरलं होतं. माझं म्हणणं इतकंच की पन्नास प्रती काढायच्या असतील तर संपूर्ण ओळ परत भरत बसणं परवडत नाही. घडी घाला, छापा, मोकळे व्हा.

जुना जुळारी

पन्नास प्रतींना चालेल, मी नाही म्हणत नाही. मीही केलंय, मालक पाहत नसताना. पण कागद दबतो. सकाळी घट्ट वाटलेली घडी दुपारी चपटी होते, आणि फर्मा धुतलात की भिजून लगदा. अर्ध्या पॉइंटची तांब्याची पत्ती घालायला तेवढाच वेळ लागतो आणि ती दबत नाही. कागदाचा एक उपयोग मात्र मान्य: कुठली ओळ किती ढिली आहे हे शोधायला. घडी आत गेली की समजावं तेवढी पत्ती हवी.

ठोकपीट

पत्तीचं पटलं. "मालक पाहत नसताना" हे जपून ठेवतो 😄

रिकामा खण

थोडं अवांतर. माझ्याकडे देवनागरीचा जुना डिग्रीचा टाइप आहे, मात्रा-वेलांट्या वेगळ्या. रोमन ओळ मस्त आवळली जाते, पण देवनागरीत वरच्या मात्राच सुटून येतात. कुणाला अनुभव?

जुना जुळारी

अवांतर कसलं, आमचं सगळं आयुष्य त्यात गेलं. अखंड टाइपात अक्षर आणि मात्रा एकाच खिळ्यावर ओतलेली, ती ओळ रोमनसारखीच वागते. डिग्रीत तुम्हाला दिसते ती एक ओळ खरी तीन मजल्यांची: वर मात्रा, रफार, अनुस्वार, मधे अक्षरं, खाली उकार. प्रत्येक मजला स्वतंत्र ओळ समजून भरायचा. मधला मजला चोख आणि वरच्या मजल्यावर दोन मात्रांच्या मधे भरलेले कोरे केसभर कमी, तर वरचा अख्खा मजला सैल. "मी किती कशी" असं काही जुळवताना वर जितकं रिकामं तितकं ते कोऱ्यांनी भरून मापाला आणावं लागतं, खालीही तसंच. स्टिक कलती करायची परीक्षा इथे तीनपट कडक घ्या. बारीक मात्रा चिमट्याने ढोसू नका, वाकतात.

आणि ज्या खिळ्याचा वेलांटीचा भाग शेजाऱ्याच्या खांद्यावर टेकलेला असतो, त्याच्यावर ठोकळा मारताना हात अजून हलका.

रिकामा खण

वरचा मजला कधी मोजलाच नव्हता! मधली ओळ भरली की पुढे जायचो. धन्यवाद काका.

तिरका ठसा

माझ्याकडे सपाट पाट्याचं प्रूफ मशीन आहे, रूळ वरून फिरतो. मला चेस लागतो का? पाट्याच्या कडेला आवळपट्टी आहे.

पायका बारा

नाही लागत. फर्मा पाट्यावरच आडवा, उचलायचा नाही, तेव्हा उचलून बघायची परीक्षा तुम्हाला माफ. जोरही बराच कमी पुरतो. पण रूळ एका दिशेने खिळ्यांना ढकलतो, त्यामुळे ढिली ओळ तिरपी होते आणि अक्षराची एकच कड काळी उमटते. ओळ भरण्याचे नियम तेच.

शाईचं बोट

शेवटचा वृत्तांत, मग धागा थंड होऊ दे.

क्वॉइन सोडले, ठोकळा मारला, मनगटाने आवळलं. बोटाने दाबून पाहिलं, टक नाही. चेस किल्लीवर टेकवून बोटं फिरवली तेव्हा चौथ्या ओळीतला एक "ण" हलला. ती ओळ स्टिकमध्ये घेतली, एक तांब्याची पत्ती, परत. ऐंशी कागद काढले. एका जागी एक कोरा वर आला, तोही सत्तरीनंतर.

आज सकाळी मात्र क्वॉइन बोटाने फिरत होते. रात्री नक्की घट्ट ठेवले होते. भूत?

चौकट

लाकूड. कोरड्या हवेत आक्रसतं, ओल्या हवेत फुगतं. रात्रभर ठेवलेला फर्मा सकाळी मशीनवर चढवण्याआधी दगडावर घेऊन पुन्हा तपासायचाच. धातूचं फर्निचर मिळालं तर हा त्रास बराच कमी होतो. आणि मशीनमध्ये चढवलेला फर्मा रात्रभर तसाच उभा सोडू नका.

शाईचं बोट

आणि सोडताना? पुन्हा सांडायची भीती वाटते.

जुना जुळारी

आवळलं तसंच उलट. दगडावर सपाट ठेवून दोन्ही बाजू थोड्या थोड्या सोडा, एक बाजू एकदम मोकळी करू नका. फर्निचर काढायच्या आधी पानाभोवती दोरा घाला: पहिला वेढा दोऱ्याच्या टोकावरून न्यायचा म्हणजे टोक दाबून धरलं जातं, चार-पाच वेढे घट्ट ओढून शेवटचं टोक पट्टीच्या कोपऱ्याने वेढ्यांखाली खुपसायचं. गाठ मारायची नाही. शाई धुऊन झाली की खिळे परत खणांत सोडण्याआधी ओला स्पंज फिरवा. ओले खिळे एकमेकांना धरून राहतात, चार ओळी एकदम डाव्या हातावर घेता येतात. कोरडे घेतलेत तर परत जमिनीवर.

हात साबणाने धुवा, शिसं आहे.

शाईचं बोट

ओल्या खिळ्यांनी जीव वाचवला. चार नाही, दोनच ओळी घेतल्या हातावर, पण सांडलं काही नाही. पेढे उधार.